गाडी तीनशेची, रस्ता सगळ्यांचा

नवी परफॉर्मन्स कार घेतली की पहिल्या आठवड्यात दोन धक्के बसतात. पहिला सुखाचा: पाय जरा दाबला की पाठ सीटला चिकटते. दुसरा धक्का म्हणजे हे सुख फार लवकर संपतं. आजच्या जोरकस गाड्या शून्यावरून १००वर तीन-चार सेकंदांत जातात, आणि बहुतेक रस्त्यांवर त्याच्या आसपासच कायद्याची हद्द येते. पोर्श केमन जीटी४ या गाडीचा नुसता दुसरा गिअर पूर्ण ताणला तरी काटा ताशी १३०च्या घरात पोचतो. म्हणजे सहापैकी दोन गिअरही धड वापरून होत नाहीत, तोवर खेळ आटोपलेला असतो.

मग उरलेल्या गाडीचं करायचं काय? काहीजण उत्तर म्हणून वेग वाढवत नेतात आणि एक दिवस दंड, परवाना किंवा त्याहून मोठं काहीतरी गमावतात. काहीजण घाबरून गाडी झाकून ठेवतात. मी दोन्ही करून पाहिलं आहे. आता ठाम मत असं, की रस्त्यावरची खरी मजा ब्रेक, गिअर, वळण आणि नजर यांची लय जमण्यात आहे, आणि ती ताशी ६०लाही भरपूर मिळते. ती कशी मिळवायची, ते क्रमाने सांगतो.

पायरी १: आधी नीट बसा

ही पायरी सगळे गाळतात. आरामखुर्चीसारखं मागे रेलून एका हाताने स्टेअरिंग धरणं दिसायला रुबाबदार, पण त्या बैठकीत गाडी तुमच्याशी बोलूच शकत नाही. क्लच, किंवा ऑटोमॅटिक असेल तर ब्रेक, पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. पाठ सीटला टेकवून हात सरळ पुढे केला की मनगट स्टेअरिंगच्या वरच्या कडेवर यायला हवं. हात घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी.

याला कारण आहे. गाडीचा मागचा भाग सरकू लागला तर ते आधी कमरेला कळतं, डोळ्यांना नंतर. कंबर सीटमध्ये घट्ट बसलेली नसेल तर ती बातमी उशिरा येते. आणि अचानक ब्रेक मारायची वेळ आली तर पायात पूर्ण जोर यायला पाठीमागे आधार लागतो. त्या वेळी एबीएसमुळे, म्हणजे चाकं जाम होऊ न देणाऱ्या ब्रेकच्या यंत्रणेमुळे, पेडल पायाखाली थरथरेल. थरथरू द्या, पाय उचलू नका.

पायरी २: टायर आणि ब्रेक

गाडी किती का अश्वशक्तीची असेना, रस्त्याला ती टेकते चार तळहातांएवढ्या रबरावर. त्यामुळे इंजिनाची ताकद वाढवायचा विचार करण्याआधी त्या रबराकडे बघा.

हवा टायर थंड असताना तपासायची, म्हणजे गाडी काही तास उभी राहिल्यावर. किती भरायची ते दाराच्या चौकटीवरच्या किंवा इंधनाच्या झाकणामागच्या स्टिकरवर असतं. टायरच्या अंगावर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तो भरू नका. तापमान १० अंशांनी उतरलं की दाब साधारण दोन पीएसआयने (हवेच्या दाबाचं एकक) उतरतो, म्हणून ऋतू बदलला की पुन्हा तपासायचं. टायरवर लंबगोलात चार आकडे असतात: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. जुनी परफॉर्मन्स कार घेताना हे आकडे जरूर वाचा. अशा गाड्या कमी चालतात, त्यामुळे नक्षी भरपूर शिल्लक आणि रबर मात्र वाळून कडक झालेलं, असं वारंवार दिसतं.

नक्षीची खोली अनेक देशांत किमान १.६ मिलिमीटर लागते. पण ओल्या रस्त्यावरची पकड त्याच्या कितीतरी आधी ढासळते. मी ३ मिलिमीटरला टायर बदलतो. रुंद टायर साचलेल्या पाण्यावर अरुंद टायरपेक्षा लवकर तरंगतो, हे या गाड्यांच्या बाबतीत विसरून चालत नाही. तापमान ७ अंशांखाली गेलं की उन्हाळी रबर ताठरतं, आणि शर्यतीच्या ट्रॅकसाठी केलेले जवळजवळ गुळगुळीत टायर तर थंडीत आणि पावसात भरवशाचे राहतच नाहीत. कोरे टायर बसवले असतील तर पहिले दोन-तीनशे किलोमीटर सबुरीने.

ब्रेक फ्लुइड, म्हणजे पेडलचा दाब चाकांपर्यंत नेणारा द्रव, हवेतली ओल शोषतं. डॉट ४ प्रकारचं ताजं फ्लुइड किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही; ओल मुरल्यावर हीच हद्द १५५पर्यंत खाली येऊ शकते. लांब उतारावर ब्रेक तापले, फ्लुइड उकळलं की पेडल मऊ पडून खाली जातं. म्हणून दर दोन वर्षांनी ते बदलायचं, गाडी चाललेली असो वा नसो. आणि कुणी कितीही सांगितलं तरी रोजच्या गाडीला ट्रॅकचे ब्रेक पॅड लावू नका. ते तापल्यावरच धरतात आणि रस्त्यावरचा पहिला जोराचा ब्रेक बहुधा थंडच असतो.

पायरी ३: गाडी तापू द्या

डॅशबोर्डवरचा पाण्याचा काटा काही मिनिटांत मधोमध येतो आणि माणसाला वाटतं, झालं, तापली. इंजिन ऑइल मात्र अजून थंड असतं. त्याला कामाच्या तापमानाला यायला दहा-पंधरा मिनिटं चालवावं लागतं. बीएमडब्ल्यूने ई४६ पिढीच्या एम३ या गाडीच्या आरपीएम मीटरवर (इंजिनाचे मिनिटाचे फेरे दाखवणारा काटा) त्यासाठीच दिव्यांची ओळ दिली होती: इंजिन थंड असेपर्यंत वरच्या आकड्यांपाशी दिवे पेटलेले, आणि ऑइल तापत जाईल तसा एकेक विझणार. तुमच्या गाडीत ऑइलचं तापमान दिसत असेल तर ८० अंश होईपर्यंत अर्ध्या आरपीएमच्या वर जायचं नाही. दिसत नसेल तर घड्याळ लावा. उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवून तापवत बसू नका. हळू चालवत तापवलेलं बरं. गिअरबॉक्स, टायर आणि चालवणारा हे तिघेही त्याच वेळात तापतात.

गाडी कोरी असेल तर मॅन्युअलमधले रनिंग-इनचे, म्हणजे इंजिन रुळेपर्यंत बेताने चालवायचे, पहिले हजार-दोन हजार किलोमीटर निमूटपणे पाळा.

पायरी ४: मदतनीस चालू ठेवा, आणि गाडीची जात ओळखा

ईएसपी पहिल्यांदा १९९५ साली बॉश आणि मर्सिडीज यांनी रस्त्यावर आणलं. गाडी घसरू लागली की ते एकेका चाकाचा ब्रेक वेगळा लावतं आणि इंजिनाची ताकद तोडतं. पकड मात्र ते निर्माण करत नाही; असलेल्या पकडीचाच हिशेब जमवतं. सार्वजनिक रस्त्यावर ते बंद करण्याचं एकही कारण मला आजवर सापडलेलं नाही.

उलट त्याच्या दिव्याला शिक्षक माना. मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या माझ्या पहिल्या टर्बो गाडीत, नुकत्याच भिजलेल्या रस्त्यावर, वळणातून बाहेर पडताना दुसऱ्या गिअरमध्ये मी घाईने पाय दाबला. क्षणभर काहीच झालं नाही. मग टर्बो, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा, जागा झाला आणि शेपूट बाजूला निघाली. दिवा लुकलुकला, गाडी सरळ झाली, हाताला मात्र दहा मिनिटं कंप होता. वेग होता ताशी चाळीसच्या आत. तेव्हापासून नियम केला: दिवा लुकलुकला की आपली मागणी रस्त्यापेक्षा जास्त होती असं समजायचं आणि एक पायरी खाली यायचं.

गाडीची जात म्हणजे ताकद कुठल्या चाकांना जाते आणि वजन कुठे आहे. पुढच्या चाकांची गाडी जास्त मागितलं की वळायला नकार देते, सरळच जात राहते. मागच्या चाकांची गाडी शेपूट काढते. चारही चाकांना ताकद असलेली गाडी ओल्यात इतक्या सहज पळते की रस्ता निसरडा आहे हे जाणवतच नाही. पण थांबताना तिच्याकडेही चारच टायर असतात, शेजारच्या साध्या गाडीइतकेच. विद्युत परफॉर्मन्स गाड्यांचा प्रश्न वेगळा: दोन टनांच्या आसपास वजन, पायाखाली तत्काळ जोर, आणि आवाज नाही. आवाज नसला की वेग कळत नाही. अशा गाडीत वेगमापकाकडे दुप्पट वेळा बघायची सवय लावा.

मोडचं बटण असेल तर एक गुपित सांगतो. स्पोर्ट मोडमध्ये सस्पेन्शन कडक होतं आणि खडबडीत रस्त्यावर कडक गाडी उड्या मारते. उडालेल्या चाकाला पकड नसते. इंजिन चपळ, स्टेअरिंग साधं आणि सस्पेन्शन मऊ अशी जोडणी करता येत असेल तर तीच जतन करून ठेवा. एक्झॉस्ट वस्तीत शांत. तुमच्या कानाला संगीत वाटणारा आवाज भिंतीपलीकडे झोपलेल्या बाळाला तसा वाटत नाही.

पायरी ५: दिसतं तेवढ्यातच थांबायचं

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा. *समोर जेवढा मोकळा रस्ता दिसतो, तेवढ्यात आपल्याच बाजूला थांबता आलं पाहिजे.* बाकी सगळी मजा या चौकटीत बसवायची.

आकडे पाहू. ताशी १०० म्हणजे सेकंदाला जवळपास २८ मीटर. धोका दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धरला तर गाडी ४२ मीटर तशीच पुढे जाते. मग चांगल्या कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी ५०च्या आसपास. एकूण ९२ मीटरच्या आसपास. आता तीच गाडी, तोच चालक, वेग फक्त १२०. ज्या जागी शंभरवाला थांबला, त्या जागी १२०वाल्याचा वेग अजून ताशी ७८ असतो. वीसचा फरक वाटतो क्षुल्लक, पण वेग वाढतो तसा त्याचा वर्ग ब्रेकला पचवावा लागतो. गाडीचे ब्रेक उत्तम असतील तर दुसरा भाग थोडा आक्रसतो. पहिले ४२ मीटर कुठल्याही कारखान्याला कमी करता येत नाहीत, कारण ते तुमच्या डोक्यात खर्च होतात.

मग वळणावर किती दिसतं हे मोजायचं कसं? यासाठी ब्रिटिश पोलिसांच्या चालक-प्रशिक्षणात शिकवली जाणारी एक युक्ती आहे, आणि मला विचाराल तर पाचशे अश्वशक्तीपेक्षा तिच्यात जास्त गंमत आहे. समोर बघा. रस्त्याच्या दोन्ही कडा दूरवर जिथे एकमेकींना मिळाल्यासारख्या दिसतात, तो बिंदू पकडा. वळण जवळ येतं तसा तो बिंदू तुमच्याकडे सरकू लागतो: वळण आवळतंय, वेग उतरवा. तो तुमच्याइतक्याच वेगाने पुढे सरकतोय: आहे तोच वेग ठीक. तो पुढे पळू लागला: रस्ता उलगडतोय, आता पाय दाबायला हरकत नाही.

हे वाचायला सोपं आहे, पण अंगवळणी पडायला काही महिने लागतात. सुरुवातीला रोजच्या रस्त्यावर साध्या वेगाने करा. एकटे असाल तर मोठ्याने बोलत चला: "बिंदू जवळ येतोय, डावीकडे फाटा आहे, पुढच्या गाडीचे ब्रेकलाइट लागले, कडेला माती सांडली आहे." चार दिवस वेड्यासारखं वाटेल. पाचव्या दिवशी लक्षात येईल की आपण आजवर अर्धा रस्ता पाहतच नव्हतो. विजेचे खांब आणि झाडांच्या रांगा बहुधा वळणाची दिशा आधी सांगतात, पण कधीकधी फसवतात. रस्ता एकीकडे वळतो आणि तारा सरळ शेतातून जातात. म्हणून त्यांचं ऐकायचं, पण शब्द शेवटचा त्या बिंदूचा.

रात्री हाच नियम आणखी कडक होतो. साध्या लो बीमचा उजेड पन्नास-साठ मीटर धरला, तर वरच्या हिशेबाने ताशी ७०लाच तो पुरा पडतो.

पायरी ६: वळण घ्यायचं, पण आपल्या लेनमध्ये

टायरची पकड म्हणजे एकत्र कुटुंबाची एकच तिजोरी. ब्रेकने जास्त उचललं की वळायला कमी उरतं. वळणाने सगळं घेतलं की थ्रॉटलला (अ‍ॅक्सिलरेटरला) द्यायला काही नसतं. म्हणून नवख्याने कामं वेगवेगळी करावीत. ब्रेक सरळ रस्त्यावरच संपवा. गिअर तिथेच लावा. मग स्टेअरिंग वळवा आणि थ्रॉटल हलका, स्थिर ठेवा, म्हणजे गाडीचा तोल पुढे-मागे झोके खात नाही. बाहेर पडण्याचा रस्ता पूर्ण दिसला की जसजसं स्टेअरिंग सरळ होईल तसतसा पाय दाबत जा.

सर्वांत मोठी चूक वळणाच्या मध्यावर होते. वेग जरा जास्त वाटतो, माणूस दचकतो आणि पाय झटकन उचलतो. वजन पुढे झुकतं, मागची चाकं हलकी होतात आणि शेपूट निघते. मागे इंजिन असलेल्या जुन्या पोर्श ९११ याच सवयीमुळे बदनाम झाल्या. उपाय नीरस आहे: वळणात शिरतानाच दहाने कमी या. वळणात शिरल्यावर "अजून थोडं जमलं असतं" असं वाटणं हाच योग्य वेग.

रेसिंगमधली बाहेर-आत-बाहेर ही रेषा सार्वजनिक रस्त्यावर पूर्ण वापरायची नाही. मधली रेघ ही भिंत समजा. आपल्या लेनच्या रुंदीत जेवढं बाहेर राहून लांबवर पाहता येईल तेवढं पुरे.

मॅन्युअल गाडी असेल तर खालचा गिअर टाकताना थ्रॉटलची हलकी थाप देऊन इंजिनाचा वेग जुळवायला शिका. क्लच सोडल्यावर झटका बसला नाही तर जमलं. आधी सरळ रस्त्यावर, ब्रेक न दाबता. ब्रेक दाबत त्याच पायाच्या कडेने थ्रॉटलला स्पर्श करण्याची कसरत खूप नंतर. हा सराव ताशी ५०ला होतो, फुकट असतो आणि त्याचा कंटाळा मला तरी अजून आलेला नाही. परीक्षा साधी: शेजारी बसलेल्याची मान डुलायला नको. त्याला डुलकी लागली तर पैकीच्या पैकी गुण.

पायरी ७: रस्ता आणि वेळ

वळणावळणाचा, फाटे कमी आणि नजर लांब पोचेल असा रस्ता निवडा. पहाटेची मोकळीक छान, पण पहाटे दव असतं, सूर्य डोळ्यांत येतो, आणि चालायला निघालेली माणसं, सायकलवाले, गुरंढोरं यांचीही तीच वेळ असते. म्हणून पहिली फेरी नेहमी पाहणीची. खडी, सांडलेलं डिझेल, ओली पानं, नवा खड्डा. परतीच्या वाटेला वेगळा रस्ता समजा: सावल्या बदलतात, चढाचा उतार होतो. कालची पाहणीही आज धरायची नाही. पाऊण तास झाला की थांबा. लक्ष ढिलं पडलंय हे माणसाला स्वतःला सर्वांत शेवटी कळतं.

पायरी ८: इतर माणसं

ताकदवान गाडीचा ओव्हरटेकला खरा फायदा आहे: समोरच्या लेनमध्ये राहण्याचा वेळ निम्म्यावर येतो. तो वेळ कमी करण्यासाठी ताकद वापरा, अपुरी जागा पुरवून घेण्यासाठी वापरू नका. आधी मागे अंतर ठेवा, म्हणजे पुढचं दिसेल. पुढच्याच्या बंपरला चिकटलेल्याला त्याचा बंपर तेवढा दिसतो.

कुणीतरी शेजारी येऊन इंजिन गुरगुरवेल. हे होणारच, तुमची गाडीच तसं आमंत्रण देते. पाय सैल सोडा, त्याला जाऊ द्या. जर्मनीत २०१७पासून बेकायदा शर्यत हा फौजदारी गुन्हा आहे आणि एकट्यानेच जमेल तेवढा कमाल वेग गाठण्यासाठी बेदरकार गाडी पळवणंही त्यात मोडतं. ज्या देशाच्या ऑटोबानवर, म्हणजे महामार्गांवर, काही भागांत वेगमर्यादाच नाही, त्या देशातली ही गोष्ट. तिथेही ताशी १३० हा शिफारशीचा वेग आहेच.

मित्रांच्या ताफ्यात जाताना एकच सूचना: भेटायची ठिकाणं आधी ठरवा, म्हणजे पुढच्याला गाठण्यासाठी कुणाला पळावं लागणार नाही. सर्वांत नवख्याला मधे ठेवा.

पायरी ९: हद्द पाहायचीच असेल तर

ती पाहावीशी वाटणं स्वाभाविक आहे. त्यासाठी ट्रॅक डे, म्हणजे शर्यतीच्या ट्रॅकवर आपली गाडी चालवायचा दिवस, किंवा त्याहून चांगलं, ओल्या स्किडपॅडवरचं (घसरण्याच्या सरावासाठीचं मोकळं मैदान) प्रशिक्षण. तिथे ताशी ४०ला गाडी फिरवून घेता येते, तीही दहा वेळा, आणि आपटायला काही नसतं. जाण्याआधी विमा पॉलिसी वाचा; बहुतेक पॉलिसी ट्रॅकवरचं नुकसान धरत नाहीत. जर्मनीतल्या न्युरबर्गरिंग या रेसट्रॅकचा २०.८ किलोमीटरचा उत्तर वळसा ठरलेल्या दिवशी सर्वांना खुला असतो, पण त्या फेऱ्यांना रस्त्याचेच वाहतूक नियम लागू होतात आणि वेळ मोजायला बंदी असते. "ट्रॅक आहे, इथे सगळं चालतं" असं समजून जाणाऱ्यांची तिथे फसगत होते.

परतल्यावर

शेवटची पाच मिनिटं सावकाश चालवा, म्हणजे टर्बो आणि ब्रेक निवतील. घरी आल्यावर चाकांभोवती एक चक्कर मारा: एखादं चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलंय का, जळका वास येतोय का, टायरमध्ये काही रुतलंय का. ऑइलची पातळी मॅन्युअलमध्ये सांगितलं असेल तशी महिन्यातून दोनदा पाहा. जोरात चालवलेली इंजिनं ऑइल पितात आणि दिवा लागतो तेव्हा उशीर झालेला असतो. इंजिन बंद केल्यावरही रेडिएटरचा पंखा मिनिट-दोन मिनिटं घरघरत राहील आणि बॉनेटखालून टक-टक आवाज येत राहील. पहिल्यांदा ऐकून मी बॉनेट उघडून टॉर्च घेऊन उभा होतो. तो बिघाड नसतो. निवणारं धातू आक्रसतं, त्याचा तो आवाज.